काटा चाळीसवर

त्या वर्षी लोक मारुतीसाठी पैसे भरून बसले होते,
आणि कुपवाडच्या शेडमध्ये जिनपाल मगदूम म्हणाले,
लहान गाडी म्हणजे परवडणारी गाडी, हे कुणी ठरवलं?

माझा बाप फौंड्रीत पॅटर्नमेकर.
सागवानात आधी पंप घडवायचा,
मग वाळूत त्याचा ठसा, ठशात वितळलेलं बीड.
लाकूड परत फळीवर.
लाकडाला कुणी पंप म्हणत नाही.
त्यानं आठ महिने त्या गाडीचं अंग घडवलं.
रात्री बल्ब धरून मी उभी,
आणि तो डोळे मिटून
तळहातानं बघायचा.
"इथं पोट आलंय," म्हणायचा.
मला काही दिसायचं नाही.

लांबी अकरा फूट, वर दोन बोटं.
डॅशबोर्ड मिरजेच्या मकबूलभाईंचा, तुणीच्या लाकडाचा,
सतारीला देतात तेच पॉलिश,
कडेनं हाडाची बारीक वेल.
बोटानं टकटक करून ते नाराज झाले:
"घुमणार नाही हे. पोकळीच ठेवली नाही तुम्ही."
सीटना जांभळट कातडं, दुहेरी शिलाई,
दार उघडलं की पायाशी इवलासा दिवा.

मागच्या सीटचं माप अडलं होतं.
मगदुमांनी मला आत बसवलं.
"गुडघे लागतात का गं, सुगंधा?"
मी तेरा वर्षांची. नव्हते लागत.
"बास," म्हणाले, आणि पेन्सिलीनं रेघ मारली.

इंजीन नव्हतं.
ते नंतर यायचं होतं,
परवान्यानंतर, कर्जानंतर,
आधी लोकांच्या नजरेत भरू दे, मग.
बॉनेटखाली वजनाला दोन पोती वाळू,
आमच्याच फौंड्रीची, जळून काळी झालेली.
वेगाच्या तबकडीवर काटा रंगवलेला,
चाळीसवर.
शून्यावर का नाही, मी विचारलं.
"उभी गाडी उभीच दिसली तर घेईल कोण?"

पुण्याच्या प्रदर्शनाला ती ट्रकमधून निघाली.
काचा सांभाळायला आत कुणीतरी हवं,
अंगानं बारीक.
ताडपत्रीखाली अंधार, कातड्याचा कोरा वास.
कऱ्हाड कळलं पुलाच्या आवाजावरून,
सातारा कळला नाही, झोप लागली होती.
खंबाटकी उतरल्यावर ड्रायव्हर इलाही बापाला सांगताना ऐकू आलं,
"चाळीसच्या वर काढत नाही मालक, काच आहे."
मी दार इंचभर ढकललं. दिवा लागला.
काट्याकडे बघत राहिले.
शिरवळपर्यंत, वीस मिनिटं असेल,
तो खरं बोलत होता.
हे मी बापालाही सांगितलं नाही.

प्रदर्शनात माणसं वाकून आत बघायची,
कातड्यावरून हात फिरवायची,
आणि विचारायची, ॲव्हरेज किती?
मगदूम हसायचे.
तिसऱ्या दिवशी हसले नाहीत.

पुढचं थोडक्यात.
परवान्याचं पत्र आलं, त्यात फक्त पोच होती.
शेडमध्ये नंतर कुणी द्राक्षाच्या पेट्या ठोकू लागलं.
डॅशबोर्ड मकबूलभाईंनी परत नेला,
मागून कोरून पोकळ केला म्हणे.
कशासाठी, ते समजलं नाही.
बाप रस्त्यातल्या कुणाच्याही गाडीवर तळहात ठेवायचा,
डोळे मिटून.
मालक खेकसायचे, "ओ, काय पाहिजे?"
"काही नाही. पोट आलंय."

मागची सीट विश्रामबागेत आहे,
दातांच्या दवाखान्यात, पेशंटना बसायला.
कातडं दोनदा बदललंय. लाकूड तेच,
खालून हात घातला की पेन्सिलीची रेघ,
दिसत नाही, लागते.
परवा गेले होते.
समोर भिंत चांगली चार फुटांवर,
गुडघे कशालाच लागत नाहीत,
नुसते दुखतात.
कंपाउंडरनं विचारलं, "कितवा नंबर, मावशी?"
चाळीस म्हणणार होते.
सातवा होता.